वीस वर्षांची लिंकन टाउन कार: घेण्याआधी आणि घेतल्यावर

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत २००६ सालची लिंकन टाउन कार सिग्नेचर साडेसहा हजार डॉलरला मिळते आहे. ८८ हजार मैल झालेत आणि गाडी एकाच वयस्कर मालकाची आहे. आईबाबा दरवर्षी येऊन राहतात आणि त्यांना उंच एसयूव्हीत चढणं जड जातं. गाडी घ्यावी का, काय तपासावं, रोज वापरता येईल का आणि पुढेमागे ती पुण्याला नेता येईल का?

घ्या. पण गाडी लिफ्टवर चढवून खालून नीट बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. या गाडीच्या बाबतीत ८८ हजार मैल या आकड्याने ना घाबरायचं, ना हुरळून जायचं. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल हे तिचे सगळ्यात चिवट भाग आहेत. टॅक्सीवाल्यांनी आणि विमानतळाच्या फेऱ्या मारणाऱ्या काळ्या गाड्यांनी याच ४.६ लिटर व्ही-८ वर दोन-तीन लाख मैल काढले आहेत. वीस वर्षांत संपतं ते रबर आणि प्लास्टिक. शिवाय हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ लोखंड खात असतं. आठवड्यातून एकदा किराणा आणण्यापुरती निघालेली गाडी वरून चकचकीत दिसते, पण तिचं तेल कधी पुरतं तापलेलं नसतं आणि सायलेन्सरमधलं पाणी कधी पूर्ण वाळलेलं नसतं. नियमित हायवेवर धावलेली दीड लाख मैलांची गाडी तिच्यापेक्षा निरोगी निघाली तर आश्चर्य वाटू देऊ नका.

ही गाडी फोर्डच्या पँथर नावाच्या सांगाड्यावर बांधलेली आहे. हा सांगाडा १९७९ च्या मॉडेलपासून २०११ पर्यंत चालला. वेगळी चॅसी, तिच्यावर बसवलेली बॉडी, पुढे व्ही-८ आणि मागच्या चाकांना ताकद, अशी ही जुनी अमेरिकन रीत. पोलिसांची क्राउन व्हिक्टोरिया आणि मर्क्युरी ग्रँड मार्क्विस याच घरातल्या. म्हणून इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक आणि स्टिअरिंगचे सुटे भाग अजून कुठेही आणि स्वस्तात मिळतात, आणि गल्लीतल्या मेकॅनिकलाही ती पाठ असते. फक्त टाउन कारचेच असलेले भाग मात्र जपून बघा: दिवे, दारांमधली इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल, सीटच्या मोटरी, आतली लाकडी पट्टी. यातलं बरंचसं आता भंगारातल्या गाड्यांमधूनच शोधावं लागतं. इंजिन तंदुरुस्त पण आतली निम्मी बटणं बंद, अशी गाडी स्वस्त वाटली तरी महागात पडते.

१९९८ ते २००२ आणि २००३ ते २०११ या गाड्या दिसायला बहिणी असल्या तरी खालून वेगळ्या आहेत. २००३ पासून चॅसीचे पुढचे बीम नवे आले, रॅक-अँड-पिनियन स्टिअरिंग आलं आणि इंजिन २३९ हॉर्सपॉवरचं झालं. जुन्या गाड्यांची चाकं नव्यांना लागत नाहीत. पाच बोल्टचा घेर तोच, पण ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते, वेगळं. शिवाय २००१ पर्यंतच्या इंजिनांवरच्या प्लास्टिकच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा वाटणारा भाग) पुढच्या बाजूने जाणारा कुलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, मार्गही प्लास्टिकचा होता. तो अल्टरनेटरजवळ तडकतो आणि सगळं कुलंट रस्त्यावर येतं. नंतर तो भाग ॲल्युमिनियमचा झाला. तुमच्यासमोर आलेली गाडी या दोन्ही बाबतीत बऱ्या बाजूची आहे.

तपासणीला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन सुरू करू नका, गार गाडीच बघायची आहे. गार इंजिन सुरू होताना काय आवाज करतं, यात अर्धी माहिती असते. पहिल्या सेकंदाला किंचित खडखड झाली आणि तेलाचा दाब येताच थांबली, तर ठीक. चेनची घरघर टिकून राहिली तर टायमिंग चेनच्या प्लास्टिकच्या पट्ट्या झिजल्या आहेत आणि तेल वेळेवर बदललेलं नाही. "टिक-टिक-फुस्स" असा लयीतला आवाज एका बाजूने आला, तर स्पार्क प्लग सैल आहे का बघायचं. या इंजिनाच्या जुन्या ॲल्युमिनियम हेडमध्ये प्लगला धरणारे आटे जेमतेम चारेक असत. प्लग सैल राहिला की ज्वलनाचा दाब आटे हळूहळू खातो आणि एक दिवस प्लग त्याच्या कॉइलसकट (ठिणगीसाठी वीज देणारा भाग) उडून बाहेर येतो. त्यावर इलाज आहे: घन धातूचा इन्सर्ट बसवायचा, तारेच्या गुंडाळीचा नाही. पण ते काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्यावं लागतं, म्हणून किंमत ठरवतानाच त्याचा हिशेब धरा.

आता गाडी लिफ्टवर चढवा. स्वतंत्र मेकॅनिकला शे-दीडशे डॉलर दिले तरी चालतील. मागच्या ॲक्सलवरून कमान घेणारे चॅसीचे बीम, मागच्या कंट्रोल आर्म जिथे जोडल्या आहेत त्या पेट्या, रेडिएटरखालचे बॉडी माउंट, दारांखालच्या उंबऱ्यांची मागची टोकं आणि ब्रेकच्या पोलादी नळ्या, या जागा बघायच्या. हातोडीच्या दांड्याने टकटक करा. टणक आवाज आला तर वरवरचा गंज आहे, तो चालतो. बोदा आवाज आला, पापुद्रे सुटले किंवा स्क्रू-ड्रायव्हर आत गेला तर तिथेच थांबा, कितीही मोह झाला तरी. नुकताच काळा डांबरी थर फासलेली चॅसी दिसली तर त्याखाली काय झाकलंय हे विचारायचंच. ब्रेकच्या नळ्या बदलता येतात, एका दिवसाचं काम आहे. चॅसी मात्र परत मिळत नाही.

त्याच वेळी स्टिअरिंगचा खालचा शाफ्ट बघा. मीठ टाकणाऱ्या राज्यांमधल्या २००५ ते २०११ च्या पँथर गाड्यांसाठी २०१३ मध्ये फोर्डने रिकॉल काढला होता, म्हणजे दोष दुरुस्त करायला गाड्या परत बोलावल्या होत्या. गंजामुळे हा शाफ्ट अडकू किंवा सुटू शकत होता. न्यू जर्सी त्या यादीत आहे आणि २००६ ची गाडी त्या वर्षांत येते. गाडीचा व्हीआयएन, म्हणजे १७ अक्षरी ओळख क्रमांक, अमेरिकी सरकारच्या महामार्ग सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर टाकला की राहिलेले रिकॉल दिसतात. राहिलेलं काम डीलरकडे फुकट होतं. आणखी एक खूण: व्हीआयएन "१एलएन" ने सुरू होत असेल तर गाडी मिशिगनच्या विक्सम कारखान्यातली. २००८ पासूनच्या गाड्या कॅनडात सेंट थॉमसला बनल्या आणि त्यांचे क्रमांक "२एलएन" ने सुरू होतात.

चालवून बघताना किमान अर्धा तास द्या आणि हायवेवर न्या. ताशी ४० ते ५० मैलांवर, ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवून जा. रस्त्याकडेच्या खडबडीत पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवली, तर दोन कारणं संभवतात. एक, टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा भाग) क्लच थरथरतोय. दोन, एखादी कॉइल मिसफायर करतेय, म्हणजे ठिणगी चुकवतेय. ओळखायला सोपी युक्ती आहे. वेग तोच ठेवून डाव्या पायाने ब्रेक नुसता शिवा, मागचे दिवे लागण्यापुरता. त्याने कन्व्हर्टरचं लॉक सुटतं. थरथर लगेच थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या तेलात आहे आणि बहुतेक वेळा नव्या मर्कॉन-५ या गिअरबॉक्सच्या तेलाने तो जातो. थांबली नाही तर प्लग-कॉइल बघा. ही चाचणी न करता गिअरबॉक्स उघडायला सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता टाउन कारचा खरा नाजूक भाग: मागचं एअर सस्पेंशन. मागे स्प्रिंगच्या जागी रबराच्या दोन हवेच्या पिशव्या आहेत, पुढे एक लहान कॉम्प्रेसर आहे आणि ॲक्सलवर उंची मोजणारा सेन्सर. मागे तिघे बसले, डिकीत चार बॅगा टाकल्या, तरी गाडी पातळी सोडत नाही. या गाडीत बसण्याचं अर्धं सुख तिथे आहे. पण रबर दहा-बारा वर्षांत घडीच्या जागी चिरतं. हवा हळूहळू गळते, ती भरून काढायला कॉम्प्रेसर सारखा चालत राहतो, त्याच्या ड्रायरमधले दाणे ओलावा शोषून थकतात आणि शेवटी कॉम्प्रेसर किंवा त्याचा रिले जळतो. म्हणजे आधी कॉम्प्रेसर बदलून काही उपयोग नाही. गळती तशीच ठेवली तर नवाही त्याच वाटेने जातो.

तपासायचं असं: संध्याकाळी गाडी सपाट जागी लावून मागच्या दोन्ही चाकांच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजा. सकाळी गाडी सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. अर्धा इंच खाली आली असेल तर गळती आहे. साबणाचं पाणी पिशवीच्या घड्यांवर आणि वरच्या सोलेनॉइडच्या (हवेची विजेवर चालणारी झडप) ओ-रिंगपाशी, म्हणजे रबरी कड्यापाशी, लावा, बुडबुडे कुठून येतात ते दिसेल. पुष्कळदा पिशवी चांगली असते आणि काही डॉलरची ओ-रिंग तेवढी वाळलेली असते.

पिशव्या घरी बदलता येतात, पण क्रम चुकवू नका. गाडी जॅकवर घेण्याआधी डिकीतला एअर सस्पेंशनचा स्विच बंद करा. हे टायर बदलताना आणि टोइंग करतानाही लागू आहे, आणि टायरच्या दुकानात दर वेळी सांगावं लागतं. स्विच चालू असेल तर लोंबणारी चाकं बघून सेन्सरला मागची बाजू फार उंच झाली असं वाटतं, तो हवा सोडून देतो आणि मग गाडी रिकाम्या पिशव्यांवर उतरते. चॅसीखाली भक्कम स्टँड लावा, ॲक्सल मोकळा लोंबू द्या. सोलेनॉइड पहिल्या टप्प्यापर्यंत फिरवा, हवा फुसकन सुटेल. ती पूर्ण निघेपर्यंत थांबा, मगच दुसऱ्या टप्प्याला फिरवून बाहेर काढा. एकदम ओढलं तर ते गोळीसारखं सुटतं. नव्या पिशवीला नवी ओ-रिंग लावा. उतरवताना पिशवी रिकामी ठेवून गाडीचा पूर्ण भार टाकायचा नाही. चाकं जमिनीला नुसती टेकवा, स्विच चालू करून पिशव्यांत हवा भरू द्या, मग पूर्ण खाली घ्या. हे न केल्याने नवी पिशवी पहिल्याच दिवशी घडीत चिमटून फाटते.

हे सगळं काढून साध्या कॉइल स्प्रिंग बसवण्याचे किट मिळतात. स्वस्त पडतात, कटकट संपते आणि ज्याला एकट्याने फिरायचंय त्याने ते बसवले तर त्यात गैर काही नाही. पण तुम्हाला मागे आईबाबांना बसवायचं आहे. पिशव्या ठेवा.

गाडी घरी आली की पहिल्या महिन्यात तिच्यावर हजार-दीड हजार डॉलर खर्च करायचे हे मनात धरूनच किंमत बोला. इंजिनाला ५डब्ल्यू-२० तेल, फिल्टरसकट ६ क्वार्ट, फिल्टर मोटरक्राफ्टचा एफएल-८२०एस. गिअरबॉक्सचं तेल एकूण सुमारे १४ क्वार्ट असतं, पण पॅन उतरवल्यावर पाचेकच निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्ये राहतं. कन्व्हर्टरला ड्रेन प्लग असेल तर तोही रिकामा करा. नसेल तर पॅनचं काम काही महिन्यांच्या अंतराने दोनदा-तीनदा करा. पॅनचं मूळ गास्केट जाड आणि पुन्हा वापरण्यासारखं असतं, फाटलं नसेल तर तेच पुसून लावा. पातळी बघताना गिअरबॉक्स गरम, इंजिन चालू आणि लिव्हर पार्कमध्ये हवा.

कुलंट मॅन्युअलमध्ये सांगितलेलं पिवळसर "गोल्ड" प्रकारचंच घाला, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. हिरव्यात मिसळू नका. थर्मोस्टॅटच्या झाकणाची ओ-रिंग आणि रेडिएटरचे दोन्ही होज त्याच वेळी बदला. कुलंट कमी होतंय पण पुढे थेंब दिसत नाही, असं असेल तर इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या जोडापाशी बघा. इनटेकखालून मागे जाणारी हीटरची पोलादी नळी किंवा तिची ओ-रिंग गेलेली असते. वरून गळलेलं कुलंट प्लगच्या खड्ड्यात साठलं तर कॉइल मिसफायर करते आणि लोक कॉइलमागून कॉइल बदलत बसतात. खड्डा ओला दिसला तर आधी पाणी कुठून आलं ते शोधा.

प्लग बदलायचे तर इंजिन पूर्ण गार असताना. आधी खड्ड्यात कॉम्प्रेसरची हवा मारून कचरा उडवा, प्लग हाताने आट्यात बसवा आणि टॉर्क पान्याने वर्कशॉप मॅन्युअलच्या आकड्याइतकं, साधारण १३ फूट-पौंड, आवळा. फट ०.०५२ ते ०.०५६ इंच.

चेक इंजिनचा दिवा लागून पी०१७१ आणि पी०१७४ हे दोन्ही कोड एकत्र आले, तर ऑक्सिजन सेन्सर घ्यायला धावू नका. दोन्ही बाजूंना एकाच वेळी हवा जास्त होते याचा अर्थ ती दोन्हींना सामाईक जागेतून आत शिरतेय. बहुतेक वेळा इनटेकच्या मागचा, पीसीव्हीच्या (इंजिनातल्या वाफा परत इनटेकमध्ये नेणाऱ्या) नळीचा रबरी कोपर मऊ पडून फाटलेला असतो. आरसा धरून बघा, बोटाने दाबून बघा. दहा-वीस डॉलरचा तुकडा आहे.

विजेच्या तक्रारींत दोन नेहमीच्या. दार लावलेलं असून "दार उघडं आहे" असा इशारा येतो, आतले दिवे विझत नाहीत आणि सकाळी बॅटरी झोपलेली असते. कुलपातला स्विच आत चिकटलेला असतो, वंगणाचा फवारा मारून दार पंधरा-वीस वेळा उघड-बंद केलं की बहुधा सुटतो. दुसरी तक्रार गंभीर आहे. चालताना हेडलाइट क्षणभर विझून परत लागल्या, तर दिव्यांचं नियंत्रण करणाऱ्या मॉड्यूलमधल्या रिलेचं सोल्डर तडकलेलं असू शकतं. ते दुरुस्त होईपर्यंत रात्री गाडी काढू नका.

मागच्या ब्रेकबद्दल एवढंच: डिस्कच्या आत हँडब्रेकचे छोटे ड्रम असतात आणि त्यांचं अस्तर गंजाने सुटून आत फिरत राहतं. मागून खरखर आली की तिथे बघा. मागचा ॲक्सल वेगाबरोबर वाढणारी गुणगुण करत असेल तर बेअरिंगबरोबर शाफ्टही तपासावा लागतो, कारण रोलर थेट शाफ्टवरच फिरतात आणि त्यावर चरे पाडतात.

पैसे उरले तर ते रबरातच घाला. पुढचे बॉल जॉइंट, कंट्रोल आर्मचे बुश, मागच्या वॉट लिंकेजचे (ॲक्सल बाजूला सरकू न देणारी जोडणी) बुश आणि चारही शॉक ॲब्सॉर्बर बदलल्यावर गाडी आपल्या मूळ चालीवर येते. अनेकांना ही गाडी म्हणजे डुलणारी होडी वाटते. ती डुलते ते शॉक मेलेले असतात म्हणून. नवी असताना ती लाटेवरून एकदाच वर येऊन शांत बसायची. टायर मूळ मापाचेच, २२५/६०आर१७, आणि आरामाच्या प्रकारातले घ्या. मोठी चाकं आणि पातळ टायर लावून या गाडीची चाल बिघडवू नये, असं मनापासून सांगावंसं वाटतं. हवा दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी. टायरवरचा चार आकडी तारखेचा ठसा वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. सहा वर्षांहून जुने टायर असतील तर त्यांची नक्षी खोल दिसली तरी बदला.

रोजच्या वापराचं म्हणाल तर लांबी आधी मोजा: २१५ इंच, म्हणजे जवळजवळ १८ फूट. वीस फुटी गॅरेजमध्ये पुढे-मागे मिळून दोन फूट उरतात. पेट्रोल साधं ८७ ऑक्टेनचं चालतं. शहर आणि हायवे मिळून हिशेबाला १९ मैल प्रति गॅलन धरा. वर्षाला १२ हजार मैल चालवली तर साधारण ६३० गॅलन लागतील. सव्वातीन डॉलरच्या भावाने दोन हजारांच्या थोडं वर. बर्फात मागच्या चाकांची ही गाडी साध्या टायरवर असहाय होते. चारही चाकांना हिवाळी टायर लावले तर नेटाने चालते. फक्त मागे दोन लावून भागवू नका, पुढची चाकं वळणार नाहीत.

आईबाबांसाठी निवड योग्य आहे. मागचं दार रुंद उघडतं, सीट खुर्चीच्या उंचीची आहे, पाय उचलावा लागत नाही आणि नऊवारी नेसलेल्या आजींनाही दार धरून सरळ बसता येतं. त्याच काळातली "एल" नावाची सहा इंच लांब आवृत्ती मिळाली तर मागे पाय पूर्ण पसरता येतात. पण ती बहुधा भाड्याने चाललेली असते, आणि अशा गाडीचं इंजिन मैलांच्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त तास नुसतं उभ्याने चाललेलं असतं. तिला वेगळा हिशेब लावा.

कॅडिलॅकचा पर्याय मनात असेल तर नव्वदच्या दशकातल्या नॉर्थस्टार इंजिनाच्या डेव्हिल या मॉडेलपासून दूर राहा. हेडचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले आटे घेऊन बाहेर येतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या वर जातो.

पुण्याला नेण्याचं मात्र विसरा. भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि स्टिअरिंग उजवीकडे लागतं. ही गाडी दोन्ही अटींत बसत नाही. 

साडेसहा हजार ही किंमत चॅसी टणक, एअर सस्पेंशन रात्रभर उभं राहणारं आणि सर्व्हिसची बिलं हातात असतील तर रास्त आहे. सस्पेंशन गळत असेल तर पिशव्या आणि मजुरीचा अंदाज मेकॅनिककडून लेखी घेऊन तेवढे कमी करायला सांगा. गिअरबॉक्सचं तेल कधीच बदललेलं नसेल तर आणखी दोन-तीनशे. चॅसीला भोक असेल तर किंमत बोलूच नका, नमस्कार करून निघा. याच वर्षांची, मीठ न बघितलेली गाडी जॉर्जिया किंवा फ्लोरिडात शोधा आणि चालवत घरी आणा. तिथल्या उन्हात छताचं कापड आणि डॅशबोर्ड खराब झालेला असेल, पण तो बदलता येतो.